इंग्रजी बोलभाषेचा अभ्यास : शब्द, शब्दबंध व वाक्संप्रदाय

इंग्रजी भाषा आमच्या शाळांतून शिकविली जाऊं लागली त्याला आतां दीडशेंहून अधिक वर्षें लोटलीं. इ. स. २००० पासून तर महाराष्ट्रांत ती पहिल्या इयत्तेपासून शिकविली जाते. म्हणजे दहावीच्या परीक्षेस बसणारा विद्यार्थी दहा वर्षें या भाषेच्या सहवासांत असतो. असें असूनहि पौड, मुळशी, ताम्हिणी या बाजूच्या खेड्यांतून आलेला विद्यार्थी आपल्याच तालुक्यांतल्या हिंजवडीच्या एखाद्या कचेरींत पहिल्यानें पाऊल ठेवतो तेव्हां त्याची जीभ अडखळते. ज्यास कर्तरि व कर्मणि प्रयोगांची अदलाबदल बिनचूक येते, निबंधांत ज्यानें चांगले गुण मिळविलेले असतात, त्यासच 'जरा थांबा', 'पुन्हा सांगतां का?', 'हें मला नीट समजलें नाहीं' एवढेंहि त्या भाषेंत सहजपणें म्हणतां येत नाहीं.

याचें कारण बुद्धीचा अभाव हें खास नव्हे. भातशेतीची सर्व माहिती पुस्तकांतून पाठ करणें निराळें आणि गुडघाभर चिखलांत उतरून आवण लावणें निराळें. आमच्या विद्यार्थ्यांस पहिली गोष्ट येते. दुसरीची संवय त्यांस झालेली नसते. म्हणून रोजच्या व्यवहारांतील इंग्रजी शब्द, त्यांच्या जोड्या आणि वाक्संप्रदाय यांचा अभ्यास कसा करावा, याविषयीं कांहीं उपयुक्त विचार या लेखांत मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

१. ओळखीचे शब्द व त्यांचे बदललेले अर्थ

इंग्रजी आपणांस वाटते तितकी परकी राहिलेली नाहीं. 'मास्तर', 'पलटण', 'टेशन', 'लालटेण' हे शब्द आपल्या आजोबा-पणजोबांनीं घासूनपुसून मराठी करून घेतले. बस, कप, फॉर्म, टेम्पो हे शब्द शाळेचें तोंडहि न पाहिलेल्या आजीबाईंच्या बोलण्यांत येतात. परंतु ओळखीच्या शब्दापासूनच पुष्कळदां अधिक धोका असतो. कारण घर बदललें म्हणजे माणसाचा स्वभाव बदलावा तसा भाषा बदलली म्हणजे शब्दाचा अर्थ बदलतो.

'हॉटेल' हाच शब्द घ्या. पिरंगुटच्या नाक्यावर उभें राहून 'चला, हॉटेलांत जाऊं' असें कोणी म्हटलें तर चहा आणि मिसळ डोळ्यांपुढें येते. इंग्रजींत मात्र हॉटेल म्हणजे मुख्यतः प्रवाशांनीं रात्रीं मुक्काम करण्याची जागा. जेवणाच्या जागेस 'रेस्टॉरंट' म्हणतात. 'लाईट गेली' हें वाक्य आमच्याकडे पावसाळ्यांत दिवसांतून चार वेळां कानीं पडतें. येथें 'लाईट' म्हणजे वीज. इंग्रजींत तो शब्द प्रकाशाचा किंवा दिव्याचा आहे. वीजपुरवठा बंद पडला तर 'पॉवर कट' झाला असें म्हणावें लागतें. 'कॉपी' म्हणजे परीक्षेंतली लबाडी असाच अर्थ आपल्या मनांत आधीं येतो. इंग्रजींत तो साधा नकलेचा शब्द असून त्या लबाडीस 'चीटिंग' म्हणतात. 'मी अमुक सालीं पास आउट झालों' असें शिकलेले लोकहि लिहितात. पण 'पास आउट' म्हणजे लष्करी शिक्षण पुरें करून बाहेर पडणें, हा अर्थ सोडला तर तिकडे सामान्यतः घेरी येऊन पडणें असाच अर्थ घेतला जातो. शाळा किंवा कॉलेज पुरें केलें हें सांगण्यास 'ग्रॅज्युएट' अथवा 'फिनिश' हीं क्रियापदें बरीं.

ही देवघेव एकाच बाजूनें झालेली नाहीं. आमच्या बांधावरचें मुंगूस इंग्रजींत जाऊन 'मंगूज' झालें. तो शब्द मराठींतूनच तिकडे गेला, असें इंग्रजी कोशकार सांगतात. म्हणून 'गूज' म्हणजे हंसासारखा पक्षी, त्याचें अनेकवचन जरी 'गीज' होत असलें, तरी मंगूजचें अनेकवचन 'मंगीज' होत नाहीं, 'मंगूजेस' असेंच होतें. खाटेपासून 'कॉट', चिठ्ठीपासून 'चिट', लुटीपासून 'लूट' हे शब्दहि हिंदुस्थानच्या भाषांतून त्या भाषेनें उचलले आहेत. जी भाषा इतकीं उसनीं आनंदानें घेते, तिच्यापुढें आपण संकोचून उभें राहण्याचें कारण नाहीं.

कोणत्या लोकांचें जीवन कशावर चालतें हेंहि शब्दांवरून कळतें. शेतांत उभें असतें तें भात, गिरणींतून येतात ते तांदूळ आणि ताटांत पडतो तो पुन्हा भात. इंग्रजींत शेतांतल्या पिकाला व टरफलासकट दाण्याला 'पॅडी' आणि बाकी सर्वांना 'राइस'. राब भाजणें, चिखलणी, आवण, खाचर हे आपल्या घरचे शब्द. यांतल्या राब भाजण्यास एका शब्दाचा इंग्रजी प्रतिशब्द शोधूं गेल्यास सांपडणार नाहीं, तेथें दोन वाक्यांत समजावूनच सांगावें लागेल. उलट रोपांच्या वाफ्याला इंग्रजींत 'नर्सरी' म्हणतात, आणि लहान मुलांच्या वर्गालाहि नर्सरीच. दोन्ही ठिकाणीं कोंवळीं रोपें वाढवावयाचीं असतात, हें ध्यानांत आलें कीं शब्द आपोआप लक्षांत राहतो.

२. शब्दांच्या जोड्या

एकटा शब्द पाठ करणें हें अर्धेंच काम होय. शब्द हे माणसांप्रमाणें ठराविक सोबत्यांबरोबर हिंडतात, आणि प्रत्येक भाषेंत हे सोबती निराळे असतात.

मराठींत विद्यार्थी परीक्षा 'देतो'. इंग्रजींत तो परीक्षा 'घेतो', म्हणजे 'टेक' करतो, किंवा परीक्षेस बसतो. 'आय ॲम गिव्हिंग ॲन एक्झॅम' असें म्हटल्यास तिकडचा मनुष्य आपणांस परीक्षक समजण्याचा संभव आहे. मराठींत आपण दिवा 'बंद' करतों व दारहि 'बंद' करतों. म्हणून मुलें 'क्लोज द लाइट' म्हणतात. इंग्रजींत दार 'क्लोज' होतें, दिवा 'स्विच ऑफ' होतो आणि नळ 'टर्न ऑफ' होतो. मराठींत ताप येतो, भूक लागते, डोकें दुखतें. जणूं हीं सर्व संकटें बाहेरून माणसाकडे चालत येतात. इंग्रजींत मनुष्य स्वतः भुकेला 'असतो' आणि त्याच्याजवळ ताप किंवा डोकेदुखी 'असते'. म्हणून 'माय हेड इज पेनिंग' असें न म्हणतां 'आय हॅव अ हेडेक' असें म्हणावें.

सर्वांत अवघड वाटतो तो प्रकार क्रियापदाला चिकटणाऱ्या लहानशा अव्ययांचा. 'लुक' म्हणजे पाहणें हें सर्वांस येतें. पण 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळ करणें, 'लुक फॉर' म्हणजे शोधणें, 'लुक इन्टू' म्हणजे चौकशी करणें, 'लुक डाउन ऑन' म्हणजे तुच्छ लेखणें, आणि 'लुक फॉरवर्ड टू' म्हणजे आनंदानें वाट पाहणें. हें पाहून विद्यार्थी घाबरतो आणि ही भाषा लहरी आहे असा तिच्यावर आरोप करतो. आम्ही त्यास विचारतों कीं, 'बोलणें', 'बोलून टाकणें', 'बोलून जाणें' आणि 'बोलून बसणें' हे चारहि प्रकार तुला कोणी शिकविले? 'तो बोलून बसला' यांत बसण्याचा कांहीं संबंध नाहीं. नको तें तोंडून निघालें व आतां तें परत घेतां येत नाहीं, एवढा सगळा अर्थ त्या 'बसला'मध्यें आहे. मराठीनें जें काम दुसऱ्या क्रियापदाकडून करून घेतलें, तेंच इंग्रजीनें 'अप', 'ऑफ', 'आउट' या चिमुकल्या शब्दांवर सोंपविलें. ज्यानें पहिलें आत्मसात् केलें, त्यास दुसरें अशक्य नाहीं. फक्त तें नियमानें न शिकतां वाक्यांतून शिकावें लागतें.

येथें हयगय केल्यास प्रत्यक्ष नुकसानहि होतें. मुलाखत 'पुट ऑफ' झाली याचा अर्थ ती पुढें ढकलली, आणि 'कॉल ऑफ' झाली याचा अर्थ ती रद्द झाली. पहिल्या निरोपावर ज्यानें आशा सोडली तो नोकरीस मुकला, आणि दुसऱ्यावर जो वाट पाहत बसला त्याचे दिवस फुकट गेले. एखाद्याचा अर्ज 'टर्न डाउन' झाला तर तो फेटाळला गेला, आणि एखादा मनुष्य 'टर्न अप' झाला तर तो येऊन ठेपला. उलट फॉर्म 'फिल इन' करा किंवा 'फिल आउट' करा, दोहोंचा अर्थ एकच.

३. वाक्संप्रदाय व त्यांची उगमस्थानें

वाक्संप्रदाय म्हणजे ज्याचा अर्थ त्यांतील शब्दांच्या बेरजेनें मिळत नाहीं असा प्रयोग. ते कोठून येतात हें पाहणें मोठें मनोरंजक आहे. इंग्लंड हा एका बेटाचा भाग; तेथील लोक दर्यावर्दी. म्हणून त्यांच्या भाषेंत गलबतें आणि दोरखंड फार. 'टू नो द रोप्स', म्हणजे दोर ओळखणें, याचा अर्थ एखाद्या कामांतल्या खाचाखोचा ठाऊक असणें. 'इन द सेम बोट', म्हणजे एकाच होडींत असणें, याचा अर्थ समदुःखी असणें. क्रिकेटच्या मैदानांतून 'स्टिकी विकेट' आली. पावसानें भिजून वाळत असलेल्या खेळपट्टीवर फलंदाजाची जी गाळण उडते, तीवरून अडचणीच्या परिस्थितीस तें नांव पडलें. इ. स. १६११ सालीं प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी पवित्र शास्त्राच्या भाषांतरामुळें 'सॉल्ट ऑफ द अर्थ', 'द रायटिंग ऑन द वॉल' असे शेंकडों प्रयोग धर्म न मानणाऱ्यांच्याहि तोंडीं बसले.

आमचे वाक्संप्रदाय शेतांतून, स्वयंपाकघरांतून आणि कीर्तनांतून आले. 'नाचतां येईना अंगण वांकडें' असें आपण म्हणतों, तेथें इंग्रज म्हणतो कीं वाईट कारागीर हत्यारांस दोष देतो. आपली पंचाईत 'इकडे आड तिकडे विहीर' अशी होते. त्याची 'सैतान आणि खोल समुद्र यांच्यामध्यें' होते. माणसाचा स्वभाव दोन्हीकडे एकच. फक्त विहिरीच्या जागीं समुद्र आला. 'तोंडाला पाणी सुटणें' हा प्रयोग तर दोन्ही भाषांत जवळजवळ शब्दशः सारखा आहे, कारण जीभ सर्वांची सारखीच. कांहीं म्हणी मुळांत बाहेरच्या असूनहि आपल्याशा झाल्या आहेत. 'कोल्ह्याला द्राक्षें आंबट' ही म्हण इसापाच्या गोष्टींतली. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनीं इ. स. १८२८ मध्यें इसापनीति मराठींत आणली. आज ज्याच्या गांवीं द्राक्षाचा वेल औषधालाहि नाहीं असा शेतकरी ती म्हण घरची म्हणून वापरतो. 'प्रकाश टाकणें', 'पांढरा हत्ती', 'श्वेतपत्रिका', 'शीतयुद्ध' हे प्रयोगहि अशाच मार्गानें आपल्याकडे आले.

परंतु दिसण्यांत सारखे आणि अर्थांत भिन्न असे कांहीं प्रयोग आहेत; त्यांपासून विशेष सावध राहावें. मराठींत दुसऱ्याचे 'पाय ओढणें' म्हणजे मत्सरानें त्याच्या प्रगतींत अडथळा आणणें. इंग्रजींत 'पुलिंग समवन्स लेग' म्हणजे नुसती थट्टा करणें. सहकाऱ्यानें हंसत हंसत 'मी तुझा पाय ओढत होतों' असें इंग्रजींत सांगितलें आणि आपण तें मराठी मनानें ऐकलें, तर एका क्षणांत मैत्रीचें वैर होईल. आपल्या पोटांत कावळे ओरडतात ते भुकेनें. इंग्रजाच्या पोटांत फुलपांखरें फडफडतात तीं परीक्षेच्या किंवा भाषणाच्या धास्तीनें. 'हात वर करणें' म्हणजे आपल्याकडे जबाबदारी झटकणें. त्यांच्याकडे 'थ्रो अप वन्स हँड्स' म्हणजे हताश होऊन प्रयत्न सोडून देणें.

आणखी एक गोष्ट. वाक्संप्रदायांसहि वय असतें. मुळशी-ताम्हिणीच्या बाजूस आषाढांत जो पाऊस कोसळतो त्याचें वर्णन करतांना आमचे विद्यार्थी हटकून 'कुत्रीं आणि मांजरें' पाडतात. हा प्रयोग खुद्द इंग्रज मनुष्य आतां क्वचितच करतो. तो 'इट इज पोअरिंग' एवढें म्हणून छत्री उघडतो. हलक्या पावसास 'ड्रिझल', सरीस 'शॉवर', मुसळधारेस 'डाउनपोर' हे शब्द साधे आणि रोजच्या उपयोगाचे आहेत. वाक्संप्रदाय हा भाजींतल्या मिठासारखा वापरावा. जो प्रत्येक वाक्यांत एकेक घालतो, त्याचें इंग्रजी कोणासहि रुचत नाहीं.

४. बोलण्यांतील अदब

मराठींत आदर क्रियापदांतच असतो. 'ये', 'या', 'यावें' या तीन रूपांत लहानमोठेपणाचा सारा हिशेब होतो. इंग्रजींत सर्वांना एकच 'यू'. म्हणून कांहीं विद्यार्थी असें समजतात कीं, त्या भाषेंत अदब नाहीं. वास्तविक ती दुसऱ्या जागीं आहे. 'गिव्ह मी वॉटर' हें वाक्य व्याकरणशुद्ध असूनहि उद्धट वाटतें. 'कुड आय हॅव सम वॉटर, प्लीज?' असें प्रश्नाच्या रूपानें म्हटलें म्हणजे त्यांतला आदर प्रकट होतो. ऐकूं आलें नाहीं तर 'व्हॉट?' असें न खेंकसतां 'सॉरी?' किंवा 'पार्डन?' म्हणावें. 'आय ॲम अफ्रेड' असें कोणी म्हटलें तर तो नेहमींच भ्यालेला असतो असें नाहीं. नकार किंवा वाईट बातमी मऊ करून सांगण्याची ती एक तऱ्हा आहे.

आपल्या घरीं भाकरी वाढल्याबद्दल आईचे आभार कोणी मानीत नाहीं. मानले तर तिला वाईटच वाटेल. इंग्रज कुटुंबांत मात्र मीठ पुढें सरकविलें तरी 'थँक यू' म्हणतात. यांत कोण सुसंस्कृत आणि कोण असंस्कृत हा वाद व्यर्थ होय. ज्याच्या घरीं जावें त्याच्या घरची रीत पाळावी. तसेंच, निरोप घेतांना आपण 'जातों' हा अशुभ शब्द टाळून 'येतों' म्हणतों. त्याचें भाषांतर करून 'आय ॲम कमिंग' म्हणत जो उठून गेला, त्याची वाट पाहत यजमान बसून राहील. उलट काका, मामा, आत्या, मावशी या चार नात्यांचा जिव्हाळा 'अंकल' आणि 'आंटी' या दोन शब्दांत मावत नाहीं. तेथें आपलेच शब्द चालू ठेवावे. एका वाक्यानें समजावून सांगितलें तर ते कोणासहि कळतात.

५. शब्द न समजल्यास काय होतें

हा अभ्यास केवळ नोकरीसाठीं किंवा ऐटीसाठीं आहे असें कोणास वाटत असेल तर त्यानें आपल्या तालुक्याच्या इतिहासाकडे पाहावें. गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या अखेरीस येथें मुळा नदीवर टाटांच्या वीज कंपनीसाठीं धरण बांधण्याचें काम सुरू झालें. त्यांत सुमारें पन्नास गांवांच्या भातजमिनी बुडावयाच्या होत्या. जमीन घेण्यास जो कायदा लावला, तो इ. स. १८९४ चा, इंग्रजी भाषेंतला. 'पब्लिक पर्पज', म्हणजे सार्वजनिक प्रयोजन, आणि 'कॉम्पेन्सेशन', म्हणजे नुकसानभरपाई, हे त्यांतले महत्त्वाचे शब्द. ज्या मावळ्यांच्या पिढ्यान्पिढ्यांच्या खाचरांचा निवाडा या शब्दांनीं होणार होता, त्यांची भाषा मराठी होती. मुंबईच्या गिरण्यांना वीज हें 'सार्वजनिक' प्रयोजन, तर मग मुळशीच्या लोकांचें पोट हें कोणाचें प्रयोजन, असा प्रश्न त्यांस पडला असल्यास नवल नाहीं.

१६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीस, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. त्याचें नेतृत्व करून 'सेनापति' ही पदवी ज्यांनीं मिळविली ते पांडुरंग महादेव बापट पारनेरचे. डेक्कन कॉलेजांत शिकलेले आणि यंत्रशास्त्राच्या अभ्यासासाठीं शिष्यवृत्तीवर एडिंबरोस जाऊन आलेले. इंग्रजी भाषेवर त्यांचें प्रभुत्व होतें. त्या विद्येच्या बळावर त्यांस सुखानें राहतां आलें असतें. पण ते मावळच्या शेतकऱ्यांच्या बाजूस येऊन उभे राहिले आणि त्यांनीं तुरुंगवास पत्करला. लढा १९२४ पर्यंत चालला, धरण झालें, आणि तें पाणी आजहि सह्याद्रीच्या पोटांतून खालीं भिरा येथें उतरून वीज उत्पन्न करतें. सत्याग्रह अयशस्वी झाला खरा. परंतु इंग्रजी शिकलेल्या मनुष्यानें आपल्या लोकांशीं कसें वागावें याचा धडा त्यानें घालून दिला.

१८९४ चा कायदा आतां राहिलेला नाहीं; १ जानेवारी २०१४ पासून त्याच्या जागीं दुसरा कायदा अमलांत आला आहे. तथापि मुळशी तालुक्यांत जमिनींचे व्यवहार पूर्वींपेक्षां कितीतरी वाढले असून पुष्कळ कागद इंग्रजींत लिहिलेले असतात. वडील कागद मुलापुढें ठेवतात व 'तूं शिकलेला, वाचून सांग' असें म्हणतात. त्या वेळीं मुलाची खरी परीक्षा होते. 'पॉवर ऑफ ॲटर्नी' यांतल्या 'पॉवर'चा विजेशीं संबंध नाहीं. तें कुलमुखत्यारपत्र होय, आणि तें देणें म्हणजे आपल्या नांवें व्यवहार करण्याचा अधिकार दुसऱ्यास देणें. 'लीव्ह अँड लायसन्स' यांतला 'लीव्ह' म्हणजे रजा नव्हे, परवानगी. 'अर्नेस्ट मनी' म्हणजे इसाऱ्याची रक्कम, 'मॉर्गेज' म्हणजे गहाण, 'लीज' म्हणजे भाडेपट्टा, आणि 'सेल डीड' म्हणजे खरेदीखत. करारांत 'शॅल' असेल तेथें तें करणें बंधनकारक समजावें. 'मे' असेल तेथें तें सामान्यतः ऐच्छिक असतें. 'फाइन प्रिंट' म्हणजे सुंदर छपाई असें समजणारा फसतो. बारीक अक्षरांत दडविलेल्या अटींस तें नांव आहे. आणि एखाद्या शब्दाचा अर्थ खात्रीनें ठाऊक नसेल तर 'हें मला कळत नाहीं, जाणत्यास विचारूं' असें वडिलांस स्पष्ट सांगावें. अंदाजानें सांगितलेला अर्थ अज्ञानापेक्षां अधिक घातक असतो.

६. अभ्यासाची रीत

परकी भाषा कशी शिकावी याचा धडा आपणांस परकीयांनींच घालून दिला आहे. कॅप्टन मोल्सवर्थ व त्यांचे सहकारी कँडी बंधु यांनीं मराठी पंडितांच्या साह्यानें मराठी-इंग्रजी कोश इ. स. १८३१ मध्यें प्रसिद्ध केला. त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ति १८५७ मध्यें निघाली. या कोशाचें वैशिष्ट्य हें कीं, त्यांत केवळ पोथींतले शब्द नाहींत. लोकांच्या तोंडचे शब्द, म्हणी, शिव्याशापसुद्धां टिपून घेतले आहेत. बाबा पदमनजी यांनीं १८६३ मध्यें त्याचा संक्षेप करून तो विद्यार्थ्यांच्या आवांक्यांत आणला. बाळशास्त्री जांभेकर यांचें 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजीं निघालें, त्यांत एका पानावर इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारीं शेजारीं दोन स्तंभांत छापीत. एका डोळ्यानें एक भाषा आणि दुसऱ्यानें दुसरी पाहण्याची ही रीत आजहि उत्तम आहे.

आमची सूचना अशी. प्रत्येकानें एक वही करावी व तिच्या पानाचे चार रकाने पाडावे. पहिल्यांत इंग्रजी प्रयोग लिहावा. दुसऱ्यांत तो कोठें ऐकला किंवा वाचला तें लिहावें. तिसऱ्यांत तो ज्या वाक्यांत आला तें पूर्ण वाक्य. आणि चौथ्यांत आपल्या घरीं त्याच प्रसंगीं काय म्हणतात तें मराठींत लिहावें. नुसता अर्थ लिहूं नये. 'या प्रसंगीं आपण काय म्हणतों?' हाच प्रश्न स्वतःस विचारावा. रोज तीन प्रयोग पुरेत. वर्षाच्या अखेरीस ते हजारावर होतात. तीस पाठ करून तीस विसरणें यांत कांहीं लाभ नाहीं.

दुसरें, मोठ्यानें वाचावें. इंग्रजीचें लेखन एक आणि उच्चार दुसरा असल्यामुळें डोळ्यांनीं शिकलेला शब्द कानांना ओळखूं येत नाहीं. हल्लीं प्रत्येक घरीं मोबाइल आहे; त्यावर बातम्या ऐकाव्या, एक वाक्य ऐकून थांबवावें, आणि तें जसेंच्या तसें म्हणून पाहावें. तिसरें, भाषांतर दोन्ही दिशांनीं करावें. इंग्रजी उतारा मराठींत करून ठेवावा, आठ दिवसांनीं मूळ न पाहतां तो पुन्हा इंग्रजींत करावा, आणि मग दोन्ही ताडून पाहावे. कोठें आपण मराठी वाक्याला इंग्रजी कपडे चढविले तें तेथें लख्ख दिसतें.

चौथें, बोलण्यास लाजूं नये. साहेबलोक मराठी बोलतांना 'तो बाई' आणि 'ती घोडा' म्हणत. लोक हंसत, आणि तरी ते बोलत राहिले व शिकले. आपल्या वर्गबंधूच्या अडखळण्यास जो हंसतो, तो त्याच्या तोंडांतला घांस काढून घेतो.

पांचवें आणि महत्त्वाचें : इंग्रजी येऊं लागली म्हणून मराठी टाकूं नये. ज्यास 'बोलून बसणें' यांतली खोंच कळते, त्यासच 'लेट स्लिप' याची खोंच कळेल. आजीजवळ बसून भातशेतीचे दहा शब्द विचारून घ्यावे आणि तिला तिच्या मोबाइलवर दिसणारे दहा इंग्रजी शब्द समजावून द्यावे. बँकेंतून आलेला निरोप, दवाखान्यांतली चिठ्ठी, विम्याचा कागद हें सर्व घरांतल्या वडील माणसांस त्यांच्या भाषेंत नीट समजावून सांगतां येऊं लागलें, म्हणजे तुमची इंग्रजी खऱ्या उपयोगाची झाली असें आम्ही समजूं.

अभ्यासासाठीं

(१) 'पडणें' हें क्रियापद मराठींत किती निरनिराळ्या अर्थांनीं येतें याचीं दहा वाक्यें लिहा (आजारी पडणें, विसर पडणें, महाग पडणें इत्यादि) व प्रत्येकास इंग्रजींत काय म्हणतात तें शोधा.
(२) 'पुट' या क्रियापदास 'ऑफ', 'ऑन', 'आउट', 'अप विथ' हीं अव्ययें लावून वाक्यें करा.
(३) आपल्या गांवांत रोज वापरले जाणारे वीस इंग्रजी शब्द जमवा. त्यांपैकीं कोणत्या शब्दांचा अर्थ मराठींत येऊन बदलला आहे तें कोशांत पाहून ठरवा.
(४) अशा तीन मराठी म्हणी निवडा कीं ज्यांस इंग्रजींत जोड नाहीं, आणि त्या इंग्रजी मनुष्यास प्रत्येकीं दोन वाक्यांत समजावून सांगा.
(५) घरांतला एखादा इंग्रजी कागद, विजेचें बिल किंवा बँकेचा फॉर्म, घ्या व त्यांतील सर्व मजकूर आजीस समजेल अशा मराठींत लिहून काढा. लिहिलेलें तिला वाचून दाखवा. तिला कळलें तरच उत्तर बरोबर.